एक टक्का माफ

घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का माफ होतो, ही बातमी आमच्या घरात मीच आणली. तेहतीस लाखांचं घर, म्हणजे तेहतीस हजार माफ. त्या संध्याकाळपासून घरातल्या बायकांचा भाव एकदम वधारला, आणि माझाही. सव्वीस वर्षं ग्रामपंचायतीत घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली करून निवृत्त झालेला माणूस मी. आमच्या बंजारा तांड्यात मला ‘टॅक्सवाले भाऊ’ म्हणतात. हा मान आहे असं मी घरभरणीच्या रविवारपर्यंत समजत होतो.

पैसे याडीचे, म्हणजे आमच्या आईचे होते. बाबांच्या मागे तिच्या नावावर राहिलेले तीन एकर रेल्वेत गेले, मोबदला तिच्या खात्यात आला आणि तांड्यापासून चौदा किलोमीटरवर, दिग्रसला घर घ्यायचं ठरलं. पण बाईच्या नावावर घ्यायचं तर कोणत्या बाईच्या? माझी बायको अंजू काहीच बोलली नाही, फक्त तीन दिवस माझ्या ताटात तुपाची धार मोठी पडत राहिली. धाकट्या राजकुमारची बायको जया मात्र बोलली. आपलं माहेर कसं शहरातलं, आपल्याला नगरपरिषदेचे कागद कसे कळतात, हे तिने आठवडाभर सांगितलं.

शेवटी मी तोड काढली. घर याडीच्या नावावर घ्यायचं, एक टक्का वाचवायचा. मग याडीने ते आम्हा दोघा भावांना बक्षीसपत्र करून द्यायचं. आईने पोरांना राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक फक्त दोनशे रुपयांचा. राजकुमारने माझ्या पाठीवर थाप मारली. “भाऊ, तुह्यासारखं डोकं अख्ख्या तालुक्यात नाय.” मलाही ते पटलं. त्या भरात मी काळ्या दगडाची एक पाटीही कोरून घेतली. वर ‘रामधन निवास’ आणि खाली ‘संजय रामधन आडे, राजकुमार रामधन आडे’. बावीसशे रुपये पडले.

आमच्या घरात आणखी एक बाई होती, आमची बहीण बबिता. नवऱ्याने सोडल्यावर चार वर्षांच्या खुशीला घेऊन ती तांड्यात परत आली, त्याला आता तेरा वर्षं झाली. रोज सकाळच्या गाडीने दिग्रसला जायची, स्टँडरोडवरच्या भाड्याच्या गाळ्यात ब्लाऊज, फॉल-पिको करायची आणि संध्याकाळी परत यायची. ‘कोणती बाई’ या प्रश्नावर आम्ही आठ दिवस डोकं फोडलं, पण तिचं नाव कोणाच्या तोंडून निघालं नाही. माझ्याही नाही. मीच ते लिहितो आहे, म्हणून आधी कबूल केलेलं बरं.

खरेदीखत झालं आणि महिन्याने, होळीला आठ दिवस असताना, रविवारी घरभरणी ठेवली. दोन टेम्पो भरून तांडा आला. सकाळी सेवालाल महाराजांना लापशी-तुपाचा भोग लावला. याडीने येताना बाबांची जुनी घोंगडी आणली होती. ती तिने समोरच्या खोलीत अंथरली आणि स्वतः तिच्यावर बसली. तांड्याचे म्हातारे कारभारी देवसिंग बाजूला बसले. मी पाटी भिंतीला टेकवून ठेवली होती, जेवणं झाली की सगळ्यांसमोर ठोकायची म्हणून.

स्वयंपाकघरात त्या वेळी काय चाललं होतं ते मला तिघींनी नंतर तीन तऱ्हांनी सांगितलं. मी त्यातलं जुळतं तेवढंच घेतो.

बबिता पुऱ्या तळत होती. तिच्या डोक्यात समोरची खोली होती. खोलीची मोठी खिडकी रस्त्यावर उघडते. मशीन खिडकीशी, काचेचं कपाट डाव्या भिंतीला, माप घ्यायला पडदा कोपऱ्यात, हे तिने खरेदीच्या दिवशीच मनातल्या मनात लावून ठेवलं होतं. गाळ्याचं भाडं वाचलं असतं, आणि बारावीतल्या खुशीला गाडीची धावपळ राहिली नसती.

जया पुऱ्या लाटता लाटता म्हणाली, “बाई, तुमची मशीन मांगच्या पडवीत ठेवली तं चालते नं? समोरच्या खोलीत आमचा नयन अभ्यास करन.”

“समोरची खोली खालच्या मजल्याची हाय,” अंजूने भाजी हलवता हलवता सांगितलं. “आन् खालचा मजला थोरल्याचा असते.”

“कोनं ठरवलं?”

“ठरवा कायले लागते? रीतच हाय.”

दोघी एकमेकींकडे बघत होत्या. बबिताकडे कोणीच बघत नव्हतं. तिने कढईतली पुरी उलटली.

“चालते,” ती म्हणाली. “पडवीतबी चालते.”

चालणार नव्हतं. मागच्या पडवीत ब्लाऊज शिवायला गिऱ्हाईक येत नाही, हे तिला माहीत होतं. पण तेरा वर्षं भावांच्या घरात राहिलेल्या बाईला ‘चालते’ म्हणायची सवय लागते. ही सवय तिला आम्ही लावली होती.

पहिली पंगत बसली आणि दारात एक मुलगी उभी राहिली. हातात जाड रजिस्टर, खांद्याला पावतीचं छोटं मशीन.

“लालीबाई रामधन आडे इथंच राहतात का?”

“इथंच. माही याडी. या, बसा, जेवूनच जा,” मी म्हणालो.

“मी वैष्णवी, नगरपरिषदेतून आले. खरेदीखतावरून नाव मिळालं. मार्च आहे ना, रविवारीपण वसुली चालू आहे.”

मला गहिवरून आलं. आपल्याच खात्यातलं माणूस! मी तिला खुर्ची दिली आणि जरा मोठ्याने, पंगतीला ऐकू जाईल असं म्हणालो, “मी पन याच लाइनीतला. सव्वीस वर्षं काढली. पन बेटा, आमची पट्टी इतक्यात कुठून आली? घर घेऊन तं महिनाच झाला.”

“तुमची नाही हो काका. घराची. सात वर्षांची.”

तिने नोटीस माझ्या हातात दिली. मूळ सेहेचाळीस हजार दोनशे, वर शास्ती पंचवीस हजार चारशे चाळीस. एकूण एकाहत्तर हजार सहाशे चाळीस. मी आयुष्यात अशा हजारभर नोटिसा लोकांच्या दारावर चिकटवल्या आहेत. त्या किती बारीक अक्षरात असतात हे मला त्या दिवशी समजलं.

“घेताना थकबाकी नसल्याचा दाखला घेतला नाही का?” वैष्णवीने विचारलं. बिचारीने साधंच विचारलं होतं.

नव्हता घेतला. का, ते सांगायला आमच्या तांड्याच्या घोंगडीची गोष्ट सांगावी लागेल.

माझे बाबा तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख. होळीला सगळा तांडा गोळा झाला की ते देवळासमोर हीच घोंगडी अंथरायचे. ज्याने त्याने आपल्या घराच्या पट्टीचे पैसे आणून तिच्यावर टाकायचे. कोणी किती टाकले ते बाबा बघायचे नाहीत, तोंड देवळाकडे करून बसायचे. कमी पडेल ते स्वतः घालायचे आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या तांड्याची पट्टी एका गाठोड्यात ग्रामपंचायतीत आणायचे. तिथे खुर्चीवर मी. गाठोडं घ्यायचं आणि सत्तावन्न घरांच्या पावत्या फाडायच्या. त्यामुळे ‘तू पट्टी भरली काय?’ असं आमच्या तांड्यात कोणी कोणाला विचारत नाही. आईवरून शिवी दिलेली एक वेळ चालेल.

आणि घर विकणारे बापूजी गावंडे दिसायला थेट बाबांसारखे. सत्तरीचे, पांढरा पटका, मुलाकडे पुण्याला निघालेले. त्यांच्या इंदूबाईंनी मला तीनदा चहा दिला. दस्त लिहिणाऱ्याने खरेदीखतात रीतसर कलम घातलं होतं, की मागचे सगळे कर विकणाऱ्याने भरले आहेत आणि काही निघाल्यास तो जबाबदार. ते बापूजींसमोर वाचताना मलाच लाज वाटली. म्हाताऱ्या माणसाला तोंडावर विचारायचं? मी म्हणालो, हे काढा. दस्तवाला माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने काढलं. म्हणजे सव्वीस वर्षांच्या अनुभवाचा मी एवढाच उपयोग केला होता.

राजकुमारने ताटावरून उठून बापूजींना फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. सगळ्या पंगतीने ऐकलं.

“राजकुमारभाऊ, मी खोटं बोललो काय?” बापूजी म्हणाले. “तुमी इचारलंच नाय. मले वाटलं, संजयभाऊ टॅक्सवाला मानूस हाय, सारं पाहूनच घेऊन राह्यला असन.”

मागून इंदूबाईंचा आवाज आला, “म्या म्हनलं होतं तुमाले, सांगून द्या म्हनून!” आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागला नाही.

“केस ठोकू त्याच्यावर,” राजकुमार म्हणाला. “खरेदीखतात लिवलं असनच.”

मी त्या वेळी लापशीचा घास घेतला. काही घास फार सावकाश खावे लागतात. अंजूने स्वयंपाकघराच्या दारातून माझा चेहरा पाहिला आणि तिला सगळं समजलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली आहेत.

“पैसे भरले नाहीत तर काय होते?” जयाने विचारलं.

“थकबाकी घरावरच असते, मालक बदलला तरी,” वैष्णवी म्हणाली. “नळ बंद होऊ शकतो. पुढं जप्तीची नोटीस. आणि हे भरल्याशिवाय आमच्या रजिस्टरला नाव चढत नाही. अजून बापूजींचंच आहे.”

आता कोण भरणार हा प्रश्न आला, आणि आमच्या घरातली माणसं किती चटकन बदलतात ते मी स्वतः पाहिलं. म्हणजे मी बघणाऱ्यांत होतो असं नाही, बदलणाऱ्यांतच होतो.

“घर याडीच्या नावावर हाय,” राजकुमार म्हणाला. “पट्टी याडीची. माही कायची?”

“आमी कुठं मालक हावो?” तासाभरापूर्वी समोरची खोली मागणारी जया म्हणाली. “आमच्या नावावर एक वीट तरी हाय काय?”

अंजूसुद्धा रीत विसरली. “थोरल्यानं म्हनून काहून भरावं? वरचा मजला कोनाचा मंग?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. निवृत्तीचे पैसे माझ्याकडे होते, हे तांड्याला माहीत होतं. त्यातलेच मी गाडी घ्यायला ठेवले होते, हे अंजूलाही माहीत नव्हतं. मी घसा साफ केला आणि कायदा सांगितला.

“कागदानं पाह्यलं तं आजच्या तारखेले... पट्टी माही नाय.”

चाळीस माणसं जेवत होती. वाढणं थांबलं. याडी घोंगडीवर बसली होती, तिने मान वर केली नाही. पैसे सगळे घरात गेले होते, तिच्या खात्यात पेन्शनपुरते उरले होते. घर तिचं आहे, हे तिच्या पोरांना त्या दिवशी पहिल्यांदा आठवलं होतं.

स्वयंपाकघरातून बबिता बाहेर आली. हाताला पीठ.

“मूळ आज भरलं तं शास्तीचं लोकअदालतीत टाकता येते नं?” तिने वैष्णवीला विचारलं.

“येते ताई. अर्ज द्या, सूट मिळू शकते.” मग वैष्णवीने तिच्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही स्टँडरोडच्या फॉल-पिकोवाल्या ना? तुमच्या गाळ्याची पट्टी कधी राहत नाही.”

गाळ्याचा मालक भाड्यावर पट्टीही तिच्याकडूनच घ्यायचा. नऊ वर्षांच्या पावत्या तिने बिस्किटाच्या डब्यात जपल्या होत्या. दिग्रसमध्ये कर भरणारं आमच्यातलं एकच माणूस होतं, आणि मी सल्ला द्यायला निघालो होतो. लोकअदालतीची ही गोष्ट मी शेकडो लोकांना सांगितली असेल. त्या दिवशी स्वतःसाठी आठवली नाही.

बबिताने पदराला हात पुसले आणि पैसे पाठवायला फोन काढला. खुशी तिच्या कानाशी आली. ती हळू बोलली, पण सगळ्यांनी ऐकलं.

“मम्मी, ते माह्या कॉलेजचे हायेत.”

“हायेत,” बबिता म्हणाली. “पन नळ बंद झाला तं तुही आजी पानी कुठून आनन? पैसे मी पुन्हा शिवून काढीन.”

वैष्णवीने मशीनवर बोटं चालवली. “खरेदीखताप्रमाणे मालक लालीबाईच टाकते. हस्ते कोणाचं नाव लिहू?”

“बबिता रामधन आडे.”

मशीनमधून पावती निघाली. बबिता ती डब्यात ठेवायला आत निघाली होती, तेवढ्यात याडीने हात पुढे केला. याडीला वाचता येत नाही. तिने ती खुशीला दिली. खुशीने सेहेचाळीस हजार दोनशेची रक्कम वाचली, तारीख वाचली, मग ‘हस्ते’पुढचं नाव वाचलं.

“देवसिंगभिया,” याडी म्हणाली, “नायकाचं या घोंगडीवर काय बोलनं होतं?”

देवसिंग म्हातारे झाले आहेत, पण बाबांचं बोलणं त्यांना पाठ आहे. ते मलाही पाठ होतं, म्हणून मी पाटीकडे बघत बसलो.

“नायक म्हने, ज्याच्यापाशी नाय त्याचं आपन भरू. पन ज्याच्यापाशी हाय आन् पट्टी माही नाय म्हनते, त्याचं घर पन म्हनू नये.”

“माह्या पोरायनं काय म्हनलं, तांड्यानं आयकलं?”

“आयकलं,” देवसिंग म्हणाले. पंगतीतल्या दोन-चार म्हाताऱ्यांनीही माना हलवल्या. राजकुमार काही बोलायला गेला आणि जयानेच त्याला डोळ्याने गप्प केलं.

“संजू,” याडी माझ्याकडे वळली, “ते तुह्यं दोनशे रुपयेवालं पोरालेच असते का पोरीलेबी?”

मला वाटतं, आयुष्यात मी करांबद्दल हजारो प्रश्नांची उत्तरं दिली असतील. एवढं सोपं उत्तर द्यायला मला कधी इतका वेळ लागला नाही.

“पोरीलेबी असते.”

“मंग लिव. बबिताच्या नावानं.”

बबिता खाली बसली. “याडी, मले घर नोको. समोरची खोली दिली तरी...”

“खोली तुले कोन देईन? आज देतीन, उद्या काढतीन. तेरा वर्सं पाह्यलं म्या.” याडीने घोंगडीवर हात ठेवला. “मी हावो तवरोक मी तुह्या घरी राह्यतो. भाऊ आले तं त्याहिले जेवू घालजो.”

राजकुमारने शेवटचा आधार शोधला. “भाऊ, सांग नं काहीतरी! काही कलम असनच.”

कलम होतं. नेमकं तेव्हाच आठवलं. बक्षीसपत्राचा मुद्रांक दोनशेचा खरा, पण घर नगरपरिषदेच्या हद्दीत असलं की त्यावर स्थानिक अधिभार एक टक्का लागतो. माझ्या तोडीत हा एक टक्का मी धरलाच नव्हता. तेहतीस लाखांवर तेहतीस हजार. खरेदीत याडीच्या नावाने जेवढे वाचवले, तेवढेच पुढे भरायचे होते. मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. वैष्णवीने मान हलवून दुजोरा दिला आणि मान खाली घालून हसू लपवलं. पंगतीत मात्र कोणी हसू लपवलं नाही.

“मंग ते कोन भरन?” जयाने विचारलं.

मला गाडीची आठवण झाली. तिचा रंगही मी ठरवला होता. मग बबिताचे पिठाने माखलेले हात दिसले, आणि मला खरोखर लाज वाटली. नोटीस वाचताना वाटली होती ती वेगळी होती, ती लोकांसमोरची होती. ही माझी होती.

“मी भरतो,” मी म्हणालो. “आन् शास्तीत जे उरन तेबी.”

“कुठून?” अंजूने विचारलं. त्याचं उत्तर मी घरी गेल्यावर दिलं, आणि ते या प्रकरणात येणार नाही. एवढं सांगतो की रात्री ती म्हणाली, “बबिताबाईले मिळालं ते बरंच झालं. निदान जयाले तं नाय.” आमच्या घरात मोठेपणा असाच येतो, थोडा आडवाटेने.

वैष्णवी जेवून गेली. दुसरी पंगत बसली. पाटी ठोकायचं कोणी काढलं नाही. संध्याकाळी बबिताने ती उचलून बघितली, पुसली आणि मला म्हणाली, “भिया, दगड चांगला हाय. उलटा करून त्याच्यावर इस्त्री करता येईन.”

“कर,” मी म्हणालो.

तिने पाटी पुन्हा भिंतीला टेकवली. “त्या बक्षीसपत्राले साक्षीदार लागतात नं?”

“दोन लागतात.”

“मंग तू आन् राजकुमार या. दुसरं कोन हाय मले?”

होळीच्या आधी दस्त झाला. लाल पडद्यासमोर याडीचा फोटो निघाला, मग बबिताचा. माझी आणि राजकुमारची नावंही त्या घराच्या कागदावर आली, बाबांच्या नावासकट, पूर्ण. शेवटच्या पानावर, साक्षीदार म्हणून.